थोरल्यांची खुर्ची

“या धाकटे, या! अहो, तिथे कुठे टेकताय? खुर्चीवर बसा, खुर्चीवर!”

सासऱ्यांचा हा आवाज थोरल्यांनी दारात बूट काढता काढता ऐकला आणि हातातल्या नाडीची गाठ सुटायच्या ऐवजी आणखी आवळली. बायको आत निघून गेली. थोरले एका पायावर उभे राहून नाडीशी झगडत राहिले आणि कानांनी मात्र आतल्या खुर्चीवर कोण बसलं याचा अंदाज घेत राहिले. खुर्ची करकरली. म्हणजे आजही बसलाच!

सासऱ्यांच्या घरात हाताची खुर्ची एकच. हिरव्या कापडाची, उंच पाठीची, सासऱ्यांना बढती मिळाली तेव्हा आणलेली. बाकी सगळ्या घडीच्या लोखंडी खुर्च्या, बसलं की थंड लागणाऱ्या. दर रविवारी दोन्ही मुली-जावई जेवायला येत. लग्न झाल्यापासून सतरा वर्षं त्या हिरव्या खुर्चीवर थोरले जावईच बसत. ते पाणीपुरवठा खात्यात तक्रार विभागाचे हेडक्लार्क होते. कायमची नोकरी, स्वतःचं टेबल, टेबलावर घंटी. त्या काळी धाकटे छत्र्यांच्या दुकानात होते. गिऱ्हाइकाला छत्री उघडून दाखवायची, मिटून दाखवायची, एवढंच काम. ते आपणहून दाराजवळची घडीची खुर्ची उघडून बसत, आणि थोरल्यांना ते फार आवडत असे.

मग आगपेट्यांच्या बंद कारखान्याच्या जागी काचेची सात मजली इमारत उभी राहिली. परदेशातल्या कंपन्या आपली कामं तिथे पाठवू लागल्या. कुणाची बिलं, कुणाच्या पगारपत्रकांची जुळवणी, कुणाच्या तक्रारी. गल्लीगल्लीत इंग्रजी बोलायचे वर्ग निघाले, पांढऱ्या गाड्या पोरांना दारातून उचलून दारात सोडू लागल्या, आणि धाकटे छत्र्या मिटवून त्या इमारतीत गेले. कपडे धुवायची मशीन बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीच्या गिऱ्हाइकांशी संगणकावर टाइप करून बोलायचं. दोन वर्षांत ते आठ जणांचे सुपरवायझर झाले. त्याच महिन्यात सासरे त्यांना पहिल्यांदा म्हणाले, “खुर्चीवर बसा.” त्यालाही आता दोन वर्षं झाली होती.

थोरले नाडी तोडून आत आले. धाकटे खुर्चीतून अर्धवट उठले.

“दादा, तुम्ही बसा ना.”

“नको, नको. बसा तुम्ही. मला काय, कुठेही चालतं,” थोरले म्हणाले आणि घडीच्या खुर्चीवर बसले. त्यांच्या पोटात जे दुखत होतं त्यावर कुठल्याही डॉक्टरकडे औषध नव्हतं.

जेवणात तोच विषय. सासरे म्हणाले, “यांच्याकडे तक्रार आली की बारा सेकंदांत उत्तर द्यावं लागतं म्हणे! बारा!”

“आणि ऑफिसात कॉफी मशीनमधून येते,” थोरल्यांची बायको म्हणाली.

“आमच्याकडे शिपाई टेबलावर आणून देतो,” थोरले म्हणाले. “मान कशात जास्त?”

सासऱ्यांनी धाकट्यांना आणखी वाढायला सांगितलं. आत मोरीजवळ धाकट्यांनी कंपनीच्या सवलतीत आणून दिलेलं कपडे धुवायचं मशीन मंद सुरात फिरत होतं. थोरल्यांना वाटलं, तेसुद्धा आपल्याला हसतंय.

परतताना वाटेत ते बायकोला म्हणाले, “काय मोठं करतो तो? समोर कागद ठेवलेला असतो. त्यातलं बघून टाइप करायचं. एखादा खरा तिरसट माणूस भेटू दे, मग बघ कसा घाम फुटतो.”

“तुम्ही कशाला जळता?”

“मी? मी कशाला जळू?” थोरले एवढ्या मोठ्याने म्हणाले, की शेजारून जाणारा सायकलवाला वळून बघायला लागला.

मात्र बोलता बोलता त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. खरा तिरसट माणूस शोधायला लांब कशाला जायचं? बावीस वर्षं अशा माणसांशी रोज गाठ पडत होती. त्यांच्या साऱ्या चाली त्यांना पाठ होत्या. धाकट्याला लेखी बोलण्यात असा काही अडकवायचा, की तो चुकेल, चिडेल, आणि ते संभाषण छापून रविवारी सासऱ्यांच्या ताटाशेजारी ठेवायचं.

सोमवारी दुपारी तीनला, साहेब जेवून डुलक्या घेत असताना, थोरल्यांनी ऑफिसच्या संगणकावर त्या कंपनीचं पान उघडलं. परदेशी नाव हवं होतं, ते त्यांनी कपाटावरच्या बिस्किटांच्या डब्यावरून घेतलं. पत्ताही तिथलाच. मग पानाने मशीनचा क्रमांक मागितला. खोटा क्रमांक घालून पाहिला, पानाने तो नाकारला. थोरले गालात हसले. सासऱ्यांकडे मशीन आलं तेव्हा ते जुनं तर गळ्यात मारलेलं नाही ना, हे तपासायला त्यांनी त्याचा क्रमांक आपल्या डायरीत उतरवून ठेवला होता. तोच घातला. पानाने लगेच मान्य केला.

इथेच त्यांचा घात झाला. त्यांच्या खात्यात आवक रजिस्टर, मीटर रजिस्टर आणि तक्रार रजिस्टर ही तीन वेगळ्या कपाटांत राहत आणि बावीस वर्षांत त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. एका ठिकाणी लिहिलेला आकडा दुसऱ्या ठिकाणी कुणाला दिसेल ही कल्पनाच थोरल्यांना शिवली नाही.

खरंच बाराव्या सेकंदाला एका मुलीचं उत्तर आलं. “नमस्कार! मी आपली काय मदत करू?”

थोरले दचकले. त्यांच्या टेबलासमोर माणूस पाव तास उभा राहिल्याशिवाय ते मान वर करत नसत. तेवढा वेळ त्याला दिला नाही तर त्याच्या तक्रारीला वजन कसं येणार?

“मशीन आवाज करतं,” त्यांनी टाइप केलं. इंग्रजी त्यांचं सरकारी पत्रातलं होतं, पण पक्कं होतं.

“फार वाईट वाटलं ऐकून. ते सपाट जमिनीवर आहे का?”

“जमीन सपाट आहे. मशीन वाकडं आहे.”

“त्याच्या पुढच्या पायाखालचा स्क्रू दोन वेळा उजवीकडे फिरवून पाहाल? मी थांबते.”

थोरले दोन मिनिटं गप्प बसले आणि मग नाइलाजाने त्यांनी लिहिलं, “फिरवला.”

“आता आवाज थांबला असेल. आणखी काही?”

चार मिनिटांत तक्रार निकालात! थोरल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांच्या विभागाचा उत्तमातला उत्तम विक्रम अकरा महिन्यांचा होता. त्यांनी मग ते वाक्य टाइप केलं जे रोज त्यांच्या अंगावर येत असे. “मला तुमच्या साहेबांशी बोलायचंय. आत्ताच्या आत्ता.”

त्यांच्याकडे याचं ठरलेलं उत्तर ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे होतं. इथे साहेब दहा सेकंदांत हजर झाले. आणि साहेब म्हणजे धाकटेच: त्यांनी ऑफिसासाठी घेतलेलं परदेशी नाव घरात सगळ्यांना पाठ होतं. सासरे तर ते शेजाऱ्यांना स्पेलिंगसकट सांगत. सापडला! थोरल्यांनी बाह्या वर सारल्या.

त्यांनी धाकट्यांना सळो की पळो करायचं ठरवलं होतं. आधी म्हणाले, मशीन कपडे धुतं पण मनापासून धूत नाही. मग म्हणाले, तुम्ही कागदात बघून बोलता. धाकट्यांनी शांतपणे लिहिलं, “तुमचा त्रास मला कळतोय. आपण मिळून मार्ग काढू.” थोरल्यांनी अपमान केला, धाकट्यांनी आभार मानले. थोरल्यांनी पुन्हा अपमान केला, धाकट्यांनी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली. शेवटी काही सुचेना तेव्हा थोरल्यांनी पत्रच लिहायला घेतलं. मुद्दा एक ते मुद्दा सात. सातवा मुद्दा असा होता: “कपडे पिळताना सदर मशीन जागेवरून निघतं आणि सरकत सरकत दरवाज्यापर्यंत येतं.”

बराच वेळ उत्तर आलं नाही. थोरल्यांना गुदगुल्या झाल्या. मग उत्तर आलं. “कुणाला लागलं तर नाही ना?”

“अद्याप नाही. परंतु त्याचा रोख माझ्याकडे आहे.”

“कृपा करून त्याचा प्लग काढा आणि लांब राहा. ही सुरक्षेची बाब आहे. यापुढची कारवाई आम्ही करतो.”

संभाषण संपलं. धाकटे चिडले नाहीत, चुकले नाहीत, छापून ताटाशेजारी ठेवावं असं त्यात एक अक्षर नव्हतं. थोरल्यांनी रागारागाने संगणक बंद केला. पत्राच्या शेवटी सवयीने ‘जा.क्र. ४१२’ असा जावक क्रमांक आपण घातला, हे त्यांच्या ध्यानातही राहिलं नाही. ते वाण्याच्या यादीलासुद्धा जावक क्रमांक घालत. त्याशिवाय त्यांना लिहून संपल्यासारखं वाटतच नसे.

मंगळवारी संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला. आवाज घाबराघुबरा होता.

“अहो थोरले, गणवेशातले दोन कारागीर आले होते! म्हणाले, तुमचं मशीन धोकादायक आहे. लाल पट्टी चिकटवली आणि उचलून घेऊन गेले. मी म्हटलं, मी तक्रार केलीच नाही. तर म्हणे, तुमच्या मशीनवर परदेशातून तक्रार आलीय!”

“परदेशातून?” थोरले कसंबसं म्हणाले. “कमाल आहे.”

“मशीन माझ्या मोरीत आणि तक्रार परदेशात! हे कसं काय?”

ते कसं काय हे जगात एकाच माणसाला माहीत होतं आणि तो माणूस “बघतो मी” म्हणून फोन ठेवत होता.

बुधवारी सकाळी मेव्हणी स्वतःच दारात आली. डोळे रडून सुजलेले. “ताई, यांची नोकरी जाते गं! मशीन यांनी नोकरांच्या सवलतीत घेतलं होतं ना? आता वरचे म्हणतायत, ते तुम्ही परदेशात कुणाला तरी विकलंत. नाहीतर तिथला माणूस तक्रार कशी करेल? शुक्रवारी चौकशी आहे. भाऊजी, तुमचा एवढा अनुभव आहे, तुम्हीच सांगा, काय करायचं हो?”

खरं सांगायचं तर पहिला एक क्षण थोरल्यांना बरं वाटलं. डोळ्यांसमोर हिरवी खुर्ची आली, रिकामी. मग त्या खुर्चीशेजारी उभे असलेले धाकटे दिसले, हातात छत्री घेतलेले. छत्री उघडून दाखवतायत, मिटून दाखवतायत. आणि मेव्हणी समोर नाक पुसत होती. थोरल्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की ते उठून विनाकारण माठातलं पाणी प्यायले.

“काळजी करू नकोस,” ते म्हणाले. “अशा तक्रारी मागे घेतल्या जातात.”

“कोण मागे घेणार?”

“ज्याने केली तो. माणूस आहे, उपरती होते.”

“परदेशातल्या माणसाला?” बायको म्हणाली.

“तिथेही माणसंच राहतात,” थोरले ओरडले आणि वेळेच्या तासभर आधी ऑफिसला निघून गेले.

कबूल करण्याचं धैर्य त्यांच्यात नव्हतं. पण पत्र लिहिण्याची कला होती. बिस्किटाच्या डब्यावरच्या गृहस्थाच्या वतीने त्यांनी नव्याने लिहायला सुरुवात केली. संदर्भ: आमचं पूर्वीचं पत्र. मुद्दा एक: मशीन आमचं नाही. मुद्दा दोन: आम्ही प्रवासात एका आदरणीय वृद्ध गृहस्थांकडे उतरलो होतो, तिथे ते वापरलं. मुद्दा तीन: मशीन सरकलं नसून आम्हालाच प्रवासाने चक्कर आली होती.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण बावीस वर्षांचा अनुभव सांगत होता, की तक्रार नुसती मागे घेतली तर साहेबाला संशय येतो. सोबत कर्मचाऱ्याची तारीफ हवी. थोरल्यांनी दात-ओठ खात मुद्दा चार लिहिला: आपले सुपरवायझर अत्यंत कार्यक्षम आहेत. मुद्दा पाच: ते वेळ लावत नाहीत. मग त्यांची बोटं थांबली. धाकट्यांच्या त्या सोमवारच्या ओळी त्यांनी पुन्हा वाचल्या. इतकं वाट्टेल ते बोलूनही तो माणूस एकदासुद्धा वाकडं बोलला नव्हता. आपल्या टेबलासमोर उभ्या राहणाऱ्या एकाही माणसाशी आपण असं कधी बोललो का, असा प्रश्न त्यांना पडला आणि त्याचं उत्तर त्यांना आवडलं नाही. मुद्दा सहा त्यांनी हळूहळू टाइप केला. “रागावलेल्या माणसावर न रागावणं हे मला आयुष्यात जमलं नाही. या गृहस्थांना ते जमतं. त्यांच्याशी बोलून मला माझीच शरम वाटली.”

खाली जावक क्रमांक घालून त्यांनी पत्र धाडलं. तीन लोकांच्या तक्रारी त्यांनी त्या दिवशी निकालात काढल्या. शिपायाला वाटलं, हेडक्लार्कांची प्रकृती बरी नाही.

पुढचं सगळं त्यांना रविवारी सासऱ्यांच्या दारातच कळलं. आतून हास्याचा गडगडाट येत होता. मोरीजवळ एक नवंकोरं, आधीच्या दीडपट मोठं मशीन उभं होतं.

“या थोरले! अहो, काय सांगू!” सासरे आनंदाने फुलून गेले होते. “कंपनीने मशीन बदलून दिलं, फुकट! वर आपले धाकटे मॅनेजर झाले! त्या परदेशी माणसाने असं पत्र लिहिलं म्हणे, की ते चौकट करून भिंतीवर लावलंय. असं कौतुक त्या इमारतीत आजवर कुणाचं आलं नव्हतं!”

“वा,” थोरले म्हणाले. स्वतःच्या हाताने! सात मुद्दे लिहून पाडायला गेलो आणि सहा मुद्दे लिहून मॅनेजर केला!

“पण बाबा,” थोरल्यांच्या बायकोने विचारलं, “तुमच्याकडे परदेशी पाहुणा उतरला होता म्हणजे कधी?”

सासऱ्यांनी क्षणभर छताकडे पाहिलं. “कंपनीतून फोन आला होता, आपल्याकडे परदेशी पाहुणे येतात का म्हणून. आता असं कुणी विचारल्यावर नाही कसं म्हणणार? म्हटलं, येतात की.” मग त्यांना चांगलाच रंग चढला. “उंच होता. गोरा. फार विनयशील माणूस. जाताना माझे दोन्ही हात हातात घेतले.”

तो उंच, गोरा माणूस म्हणजे आपणच, हे थोरल्यांना पटेना. धाकटे हिरव्या खुर्चीतून उठले आणि त्यांच्यापाशी आले.

“दादा, आज तुम्ही बसा खुर्चीवर.”

“अहो, तुम्ही आता मॅनेजर,” सासरे म्हणाले.

“नाही बाबा. आज दादाच बसणार.” धाकट्यांनी हाताला धरून थोरल्यांना खुर्चीत बसवलं आणि पाठीची उशी सारखी करायच्या निमित्ताने कानाशी वाकले. “चारशे बारा आणि चारशे तेरा,” ते हलकेच म्हणाले. “सबंध जगाचं काम आमच्याकडे येतं दादा. पण पत्राला जावक क्रमांक घालणारं गिऱ्हाईक मी एकच पाहिलंय.”

“कधी कळलं?”

“सोमवारीच. मशीनचा क्रमांक बघितला तेव्हाच घरातलं कुणीतरी आहे हे समजलं. सातवा मुद्दा वाचला तेव्हा कोण ते समजलं. पण सुरक्षेची तक्रार लेखी आली की ती वर पाठवावीच लागते.”

“मग चौकशीत सांगितलं का नाहीत?”

“काय सांगायचं? आमच्या घरातलंच माणूस आहे म्हणून?” धाकटे म्हणाले. “आणि नंतर सहावा मुद्दा आला. तो खोटा होता असं कुणी म्हणालेलं मला नको होतं. खोटा नव्हता ना, दादा?”

थोरल्यांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी येतंय असं वाटून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. “नव्हता,” ते म्हणाले. धाकटे हसले आणि लांब गेले.

थोरले खुर्चीत मागे रेलले. दोन वर्षांनी! डाव्या बाजूची ती जुनी स्प्रिंग, जी सतरा वर्षं त्यांनी मानापायी मुकाट्याने सोसली होती, ती नेमक्या जागी टोचली आणि त्यांना घरी परतल्यासारखं वाटलं. खुर्चीच्या हातांवर हात ठेवून त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. आपल्याकडे कोण कोण बघतंय ते त्यांना पाहायचं होतं.

कुणीच बघत नव्हतं. धाकट्यांनी एक घडीची खुर्ची उघडून ती सासऱ्यांच्या अगदी शेजारी, पंख्याखाली मांडली होती. सासरे त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बोलत होते. मेव्हणी तिथे सरकली, थोरल्यांची बायको तिथे सरकली, पाण्याचा तांब्या तिथे गेला, आणि त्या परदेशी पाहुण्याची उंची आणखी दोन बोटं वाढली.

पंख्याचा वारा हिरव्या खुर्चीपर्यंत येतच नाही, हे सतरा वर्षांत थोरल्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. शेवटी त्यांनी घसा खाकरला.

“मी काय म्हणतो,” ते म्हणाले, “ती घडीची खुर्ची जरा हलते का? नाही, कुणी पडण्याआधी एकदा मी बसून बघतो.”